चौथी बाई

यंदा महिला दिनाच्या कार्यक्रमाचं पोस्टर मी केलं होतं. 'स्त्री आणि तिचं घर' असा विषय ठरला. कुणी कविता वाचणार होतं, कुणी कथा, आणि शेवटी पौर्वात्यवादी चित्रकलेवर चर्चा. पोस्टरसाठी चित्र शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मला लगेच देलाक्रवाचं ते प्रसिद्ध चित्र आठवलं, 'अल्जीअर्सच्या स्त्रिया, त्यांच्या घरात'. सुंदर रंग, स्त्रिया, घर. विषयाला अगदी चपखल. पोस्टर सगळ्यांना आवडलं. ग्रुपवर अंगठे आणि हृदयं पडली. मग मी ते आईला दाखवलं, आणि तिथून पुढे जे झालं त्यावर हा लेख आहे.

आधी चित्राबद्दल थोडं सांगते, कारण पोस्टरवर त्यातलं सगळं नव्हतं.

यूजेन देलाक्रवा हा फ्रेंच चित्रकार. 1832 साली तो फ्रान्सच्या एका राजनैतिक शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला. परतीच्या वाटेवर जूनमध्ये अल्जीअर्सला जेमतेम तीन दिवस थांबला. फ्रान्सने अल्जीअर्स जिंकून घेतलं होतं 1830 मध्ये, म्हणजे दोनच वर्षं झाली होती. बंदरावर काम करणाऱ्या एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या ओळखीने देलाक्रवाला एका मुसलमान घराच्या जनानखान्यात शिरायला मिळालं, अशी हकिगत सांगितली जाते. परक्या पुरुषाला, तेही जिंकून घेणाऱ्या देशाच्या, घराच्या आतल्या भागात सोडणाऱ्या यजमानाला 'नाही' म्हणणं कितपत शक्य होतं, हा प्रश्न आपल्या चर्चेतही निघाला होता. बरोबरच आहे तो. देलाक्रवाने तिथे घाईघाईने रेखाटनं केली, जलरंगात नोंदी केल्या, आणि पॅरिसला परत गेल्यावर मोठं तैलचित्र रंगवलं. 1834 च्या सलाँमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी प्रदर्शनात, ते लागलं. राजा लुई फिलिपने ते विकत घेतलं. आज ते लूव्रमध्ये आहे.

चित्रात गालिच्यावर बसलेल्या तीन स्त्रिया आहेत. डावीकडची उशीला रेलून आपल्याकडे बघते. इतर दोघी हुक्क्याजवळ बसल्यात. भिंतीला नक्षीदार फरशा, तिरका टांगलेला आरसा, लाल दारांचं कपाट. खाली सपाता पडल्यात, शेगडी आहे. आणि उजव्या कडेला एक चौथी बाई उभी आहे. काळी, डोक्याला कापड गुंडाळलेली, आपल्याकडे पाठ केलेली. ती घरातली चाकर.

चित्र 180 बाय 229 सेंटीमीटर आहे, म्हणजे आडवं. आपलं पोस्टर चौकोनी, कारण फोनवर चौकोनी बरं दिसतं. आडव्याचं चौकोनी करायचं तर 49 सेंटीमीटर कुठून तरी जाणारच. डावीकडून कापलं तर रेललेली सुंदर स्त्री जाते. उजवीकडून कापलं तर काही बिघडत नाही. मी उजवीकडून कापलं. त्या क्षणी मला काहीही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते. उलट चित्र आता जास्त नीटनेटकं झालं असंच वाटलं.

माझी आई टिळकवाडीत तीन घरी कामाला जाते. दोन घरी स्वयंपाक आणि एका घरी धुणीभांडी. सकाळी सहाला निघते. पहिल्या वर्षाला असताना कुणी विचारलं की मी 'आई केटरिंगचं करते' असं सांगायचे. हेही एकदा लिहून टाकलेलं बरं.

तर पोस्टर बघून आई म्हणाली, 'छान आहे.' मग मी मोठेपणा करायला म्हणून मूळ चित्र उघडलं आणि 'हे पॅरिसला आहे, एवढं मोठं आहे' वगैरे सांगू लागले. आईने फोन हातात घेतला आणि तीन स्त्रिया ओलांडून तिचं बोट थेट उजवीकडे गेलं.

'ही निघाल्या बघ. निघताना मागनं कोणतरी आणि एक काम सांगितल्यात.'

मी विचारलं, 'तुला कसं कळलं?'

'मान बघ की तिची. पाय दाराकडं, मान घरात.'

मग ती बाकीचं चित्र बघायला लागली, पण तेही तिच्या पद्धतीने. गालिच्यावर सपाता कशा टाकल्यात, त्या उचलणार कोण. एवढ्या भारी गालिच्यावर शेगडी ठेवलीय, ठिणगी पडली तर बोलणी कुणाला. हुक्का भरून कुणी दिला. कपाट कुणी उघडं ठेवलं. दोन मिनिटांत तिने चित्रातली सगळी कामं मोजली. त्या तीन स्त्रियांपैकी कुणाकडेच ती नव्हती. मग फोन परत दिला आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली.

मी चित्रकलेवर बरंच वाचलं होतं कार्यक्रमासाठी. एडवर्ड सईद यांचं 'ओरिएंटॅलिझम' 1978 चं. लिंडा नॉकलिन यांचा पौर्वात्यवादी चित्रांवरचा 1983 चा निबंध. पूर्वेकडची माणसं आळशी, सुस्त, इतिहासाबाहेरची अशी रंगवणं हा युरोपचा जुना खेळ, हे मी टिपून ठेवलं होतं. देलाक्रवाच्या चित्राला ते लागूही होतं, कारण त्या तिघी काही करत नाहीत, नुसत्या बसून आहेत. पण एवढं वाचूनही मला हे दिसलं नव्हतं की त्या चित्रात एक माणूस काम करतंय. त्या खोलीत हालचाल फक्त तिची आहे. 'सुस्त पूर्व' हे म्हणणं चौथीला बाहेर ठेवलं तरच खरं ठरतं. चित्रकाराने तिला बाहेर ठेवलेलं नाही, कोपऱ्यात का होईना उभं केलंय. बाहेर मी ठेवली.

इथे कुणी म्हणेल, एका पोस्टरवरून एवढं काय? मलाही आधी तसंच वाटलं. पण नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की ही कात्री माझ्या एकटीच्या हातातली नाही.

एदुआर माने या चित्रकाराचं 'ऑलिंपिया' आठवून बघा. 1863 चं चित्र, 1865 मध्ये प्रदर्शनात लागलं आणि पॅरिसमध्ये गदारोळ झाला. पलंगावर एक गोरी नग्न स्त्री, आणि तिच्यामागे फुलांचा गुच्छ घेऊन उभी असलेली काळी दासी. हे काही पूर्वेकडचं दृश्य नाही, पॅरिसमधलंच आहे, पण गोरी स्त्री आणि तिची काळी दासी ही जोडी पौर्वात्यवादी चित्रांतून ओळखीची झालेलीच. टी. जे. क्लार्क हे कला-इतिहासातलं मोठं नाव. त्यांनी 1980 च्या दशकात या चित्रावर पानंच्या पानं लिहिली. पलंगावरच्या स्त्रीचा वर्ग, तिचा धंदा, बघ्यांची अस्वस्थता, सगळं. पुढे 1999 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच कबूल केलं की एका मित्राने त्यांना टोकलं : एवढी पानं गोऱ्या बाईवर लिहिलीस आणि तिच्या शेजारच्या काळ्या बाईचा नीट उल्लेखही नाही? वर्गावर लिहिणाऱ्या माणसाला चित्रातली नोकर दिसली नव्हती. त्याआधी, 1992 साली, लॉरेन ओ'ग्रेडी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावतीने नेमकं या दासीवर लिहिलं होतं, हेही इथे नोंदवायला हवं. ज्यांना दिसायचं त्यांना दिसत होतंच.

त्या दासीसाठी मॉडेल म्हणून जी बसली तिचं नाव लोर. मानेच्या वहीत तिच्याबद्दल नोंद आहे, नाव आणि पत्ता : व्हॅन्तिमील रस्ता, 11 नंबर, तिसरा मजला. आडनाव नाही. पण पत्ता आहे म्हणजे ती कुठून तरी चालत येत होती, तिसऱ्या मजल्यावर चढत होती, पॅरिसमध्ये भाडं भरत होती. दिवसभर दासीची पोझ देणं हेसुद्धा तिचं कामच होतं. 2019 साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात कृष्णवर्णीय मॉडेलांवर मोठं प्रदर्शन झालं, त्यात अशी नावं शोधून चित्रांखाली लावली गेली. मारी-गियमीन बन्वा या चित्रकर्तीने 1800 साली एका काळ्या स्त्रीचं देखणं चित्र काढलं होतं. ती स्त्री चित्रकर्तीच्या दिराच्या घरी कामाला होती. दोनशे वर्षं ते चित्र नुसत्या तिच्या वर्णाच्या नावाने ओळखलं गेलं. या प्रदर्शनात ते 'माद्लेनचं चित्र' म्हणून लागलं.

देलाक्रवाच्या चौथीला अजून असं नाव मिळालेलं नाही. गंमत अशी की बसलेल्या स्त्रियांची नावं त्याने आपल्या जलरंगांवर लिहून ठेवली होती. मूनी, झोरा अशी नावं तिथे सापडतात. चौथीसाठी मात्र आपल्यापर्यंत एकही नाव पोचलेलं नाही.

आणि तिला 'चाकर' म्हणणंही बहुधा सौम्यच आहे. 1832 च्या अल्जीअर्समध्ये गुलामगिरी चालू होती. सहारा ओलांडून, दक्षिणेकडून आणून विकलेली काळी माणसं श्रीमंतांच्या घरांत कामाला असत. ज्या पॅरिसमध्ये हे चित्र टांगलं गेलं तिथलं सरकारही हात धुतलेलं नव्हतं. फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी 1794 मध्ये रद्द केली, 1802 मध्ये नेपोलियनने ती परत आणली, आणि ती कायमची रद्द झाली 1848 मध्ये. म्हणजे राजाने हे चित्र विकत घेतलं तेव्हा त्याच्याच राज्यात माणसं विकत घेता येत होती. चित्राचं नाव आहे 'त्यांच्या घरात'. त्या 'त्यांच्या' मध्ये चौथी येते का? घर तिचं नव्हतं. अल्जीअर्सही कदाचित तिचं नव्हतं.

आपल्या चर्चेत हा मुद्दा आला नाही, याचं कारण मला असं वाटतं. पौर्वात्यवादावर बोलताना आपण आपसूक त्या तीन स्त्रियांच्या बाजूला जाऊन बसतो. युरोपने 'आपल्याला' कसं पाहिलं, 'आपलं' घर कसं उघडं केलं, 'आपल्याला' कसं सुस्त ठरवलं. हे म्हणणं खरं आहे आणि ते म्हणताना बरंही वाटतं, कारण चूक दुसऱ्याची असते. अल्जीरियन लेखिका आसिया जबार यांनी 1980 साली या चित्राचंच नाव आपल्या पुस्तकाला दिलं आणि ते पाहणं चोरीचं होतं असं मांडलं. त्यांना तो हक्क होता, त्या स्त्रिया त्यांच्या देशातल्या. पण आपण बेळगावात बसून तीच जागा घेतो तेव्हा चौथीकडे पाहिलं की पंचाईत होते. ती युरोपने लादलेली नव्हती. ती त्या घराने, पूर्वेकडच्याच घराने, ठेवलेली होती. देलाक्रवा यायच्या आधीही ती सपाता उचलत होती आणि तो गेल्यावरही उचलत राहिली असणार.

आपल्याकडेही इंग्रज साहेबांनी अशी चित्रं काढून घेतली. कंपनी शैली म्हणतात ती. एकोणिसाव्या शतकात मुर्शिदाबाद, पाटणा, तिरुचिरापल्ली अशा ठिकाणचे भारतीय चित्रकार साहेबांना विकायला संचच्या संच काढत, काही अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर : आया, भिश्ती, धोबी, खानसामा, हुक्का सांभाळणारा हुक्काबरदार. प्रत्येकाच्या हातात त्याच्या कामाचं साधन. खाली धंद्याचं नाव, माणसाचं नाही. साहेबाला तेवढं पुरत होतं. पण ब्रश आपल्या माणसाच्या हातात होता, आणि त्यालाही ते पुरलं.

भाषेचंच बघा. आपण कार्यक्रमाला 'स्त्री' म्हटलं, 'बाई' नाही. 'बाई आणि तिचं घर' असं कुणी सुचवलं असतं तर हसू आलं असतं. 'बाई' शब्द मराठीत दोन ठिकाणी पक्का बसलाय, शाळेत आणि मोरीत. शाळेतल्या बाई 'येतात', कामाची बाई 'येते'. अलीकडे बऱ्याच घरांत 'मावशी' म्हणायची पद्धत आलीय. ऐकायला गोड आहे. आई ज्या तीन घरी जाते त्यात एक मराठी, एक कन्नड, एक कोकणी. ती तिन्ही भाषांत स्वयंपाक करते असं आम्ही घरी गमतीने म्हणतो. आमच्या गावात भाषेवरून किती भांडणं झाली, मोर्चे निघाले, पाट्यांना काळं फासलं, ते वेगळं सांगायला नको. तिचा चहाचा कप मात्र तिन्ही घरांत वेगळा आहे, आणि तो ठेवायची जागाही एकच : खिडकीत, घासणीच्या शेजारी. सीमाप्रश्नावर इतकं एकमत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

देलाक्रवाला मी सोडून देते असं नाही. काळी दासी कडेला उभी करायची ही युक्ती त्याच्याही आधीची. टिशियनने सोळाव्या शतकात डायना देवीच्या चित्रात तिच्यामागे काळी सेविका उभी केली होती. गडद अंग शेजारी ठेवलं की गोरं अंग जास्त उजळतं, हा चित्रकारांचा हिशेब. जेरोमने 1870 मध्ये हमामखान्याचं चित्र काढलं, त्यातही एक गोरी पाठ आणि शेजारी काळी दासी. तिथे दासीला दुसरं कामच नाही, समोरचीला गोरं दाखवणं एवढंच. देलाक्रवाच्या चित्रातही तो हिशेब आहे. तरी मी त्याचं चित्र जेरोमच्या वर धरते, आणि त्याला कारण ती मान. नुसता गडद रंग हवा होता तर तिला खांबासारखं उभं करून चाललं असतं. त्याने तिला चालतं केलं, आणि चालता चालता वळवलं. कामावरून निघणाऱ्या माणसाला मागून हाक येते तेव्हा शरीर कसं दोन दिशांना ओढलं जातं, हे त्याने कुठे तरी पाहिलं होतं. का पाहिलं, कुणाचं पाहिलं, ठाऊक नाही. पण 1834 च्या पॅरिसमधल्या एका माणसाने रंगवलेलं ते वळण माझ्या आईला बेळगावात दोन सेकंदांत ओळखू आलं. त्या चित्रावर मी जे काही वाचलं त्यात हे कुठेच नव्हतं.

चर्चेच्या दिवशी मी हे काहीच बोलले नाही. पोस्टर माझंच मागे पडद्यावर होतं, कापलेलं. एकाने तर 'या तीन स्त्रिया' असं म्हणत फार चांगलं भाषण केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. बोलायला उठले असते तर आईचं सांगावं लागलं असतं. 'केटरिंग' आडवं आलं.

आता ई-मासिकाच्या या अंकात त्या कार्यक्रमाचा वृत्तान्त येणार आहे आणि सोबत ते पोस्टर छापायचं ठरलंय. संपादक मंडळाला माझी विनंती आहे की ते पोस्टर घेऊ नका. मूळ चित्र घ्या, आडवं, पूर्ण. मी फाइल पाठवली आहे. वृत्तान्तात 'तीन स्त्रिया' आहे तिथे 'चार' करा. फोनवर चित्र लहान दिसेल, वर-खाली पांढरी जागा राहील, मांडणी बिघडेल, हे मला माहीत आहे. ज्याला मोठं करून बघायचं आहे तो दोन बोटांनी करेल. कडेला सरकवून बघावं लागेल, ती उजव्या टोकाला आहे.